बाजारातून आणलेला देव

त्या माणसानं माझ्या देखत ओटा धुतला.

मी अजून फाटकाबाहेरही पडले नव्हते. दारव्ह्याच्या शाळेत नुकतीच मास्तरीण म्हणून लागले होते आणि भाड्यानं खोली शोधत होते. त्यानं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग जात. मी म्हटलं, "बौद्ध." तो म्हणाला, "म्हंजे महारच ना?" आणि आत हाक मारली, "बादली आन वं. ओटा धुवा लागते." मी मुकाट खाली उतरले. मी उभी होते ती जागा त्यानं आधी धुतली. माझ्या त्या मुकाट उतरण्याची मला अजून चीड येते.

दारव्ह्यातल्या आमच्या लोकांच्या वस्तीत एकेका खोलीत आठ-आठ माणसं. तिथं पोरांच्या वह्या कुठं तपासणार? आणखी दोन घरांनी हाकललं. चौथ्या घरी मी खोटं बोलले. "कुणबी," म्हटलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणब्यातही चालणारं. खोली लगेच मिळाली.

घरमालकीण विधवा होती. सगळे तिला काकी म्हणत. माझी पेटी आत ठेवता ठेवता तिनं विचारलं, "तुहे देव कुठं हायेत वं?"

देव.

छप्पन सालच्या दसऱ्याला माझा बा नागपूरला जाऊन आला. आल्यावर देवांची टोपली त्यानं माझ्या डोक्यावर दिली. मरीमाय, म्हसोबा, खंडोबा, सगळे. मी अकरा वर्षांची. नदीच्या डोहाशी गेल्यावर म्हणाला, "तूच टाक. तुह्या हातानं टाक. म्हंजे तुले कोनापुढं वाका लागनार नाही." मी एकेक टाकला. बा रडत होता की हसत होता, मला कळलं नाही.

आणि आता मीच बाजारात जाऊन पितळेचा बाळकृष्ण आणला. घंटी आणली. कोनाड्यात मांडलं सगळं.

मधली भिंत कुडाची. पलीकडून काकीचे कान. रोज सकाळी अंघोळ झाली की मी घंटी वाजवायची. तापानं फणफणले होते, तरी उठून वाजवली. सोमवार धरले. पुढं पुढं तर हात आपोआप घंटीकडं जाऊ लागला, तेव्हा मला माझीच किळस आली. वस्तीतल्या पोरी रस्त्यात दिसल्या की हात जोडत. मी पदर सावरून पुढं जायची. कोणी पाहिलं तर?

काकी वाईट नव्हती, हेच वाईट होतं. माझ्या ताटात भाजी वाढायची. रविवारी मला पुढ्यात बसवून केसांना तेल लावायची. तेल लावता लावता म्हणायची, "महाराइनं देव बुडवले मनते. देव बुडवल्यावर मानूस कायचं राह्यते वं?" तिची बोटं माझ्या डोक्यावर. मी "हूं" म्हणायची.

बाला पत्र टाकलं होतं, येऊ नको, मीच येते. तरी तो आला. बाजाराच्या दिवशी सकाळीच, पिशवीत तुरीच्या शेंगा घेऊन. मी दाराशी धावले, पण काकी आधी पोचली.

"या पाटील, या! बसा न."

पाटील! जन्मात कोणी त्याला असं म्हटलं नव्हतं. बा ओसरीच्या काठावर टेकला. काकीनं कपबशीत चहा दिला. तो प्यायला. मग त्याला माझी खोली दाखवायला तीच पुढं झाली.

बाची नजर कोनाड्यावर गेली. तिथंच थांबली. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

"मोठी देवभोळी हाये तुमची पोरगी," काकी म्हणाली. "घंटी चुकत नाही. आज तुमच्या पायी राह्यली. तुमीच वाजवा आता, वडीलधारे हाये." आणि तिनं घंटी त्याच्या हातात दिली.

बानं घंटीकडं पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. मला वाटलं, आता हा घंटी फेकतो. फेकली असती तर बरं झालं असतं. त्यानं टोपी सारखी केली, बाळकृष्णासमोर उभा राहिला आणि घंटी वाजवली.

माझ्या खोलीसाठी. मान खाली वाकली होती.

मी त्याच्या हातातून घंटी ओढून घेतली. "काकी, आम्ही बौद्ध आहोत. मी खोटं सांगितलं होतं."

घंटी तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही. ज्या बोटांनी मला तेल लावलं ती पदराला पुसली. मग ओसरीवर जाऊन बाचा कप उचलला आणि अंगणातल्या दगडावर आपटला. "आत्ताच्या आत्ता नीघ," म्हणाली.

बाळकृष्ण कोनाड्यातच ठेवला. बाजारातून आणलेला, माझा नव्हताच.

बानं पेटी खांद्यावर घेतली. वाटेत म्हणाला, "काहून सांगतलं वं? मी वाजवून राह्यलो होतो न."

"तेच पाहवलं नाही, बा."

त्यानं पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

वस्तीकडं जायच्या आधी मी त्याला घेऊन त्या पहिल्या घरी गेले. ओट्यावर चढले. तोच माणूस बाहेर आला. "खोली पाहिजे. मी बौद्ध आहे," मी म्हटलं. "महाराची पोरगी. हा माझा बाप." त्यानं बादलीसाठी हाक मारली. बादली आली. या वेळी मी खाली उतरले नाही. पाणी माझ्या पायांवरून वाहत गेलं.

आता मी वस्तीत राहते, आठ जणांत नववी. कंदिलापाशी वह्या तपासते. रोज शाळा सुटली की गावातलं एक दार वाजवते. जात आधी सांगते, आडनाव मागाहून. ज्यांना ओटा धुवायचा त्यांनी धुवावा. दारव्ह्यात दारं पुष्कळ आहेत, आणि मी एकही सोडणार नाही.