टाकीवरची तारीख

आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीवर ती शेवटची कधी धुतली, ती तारीख रंगवलेली असते. दर महिन्याला नगरपालिकेचे सदाभाऊ टाकी धुतात, खाली उतरतात आणि जुनी तारीख पुसून नवी लिहितात. काल मी टाकीखालून जात होतो, तेव्हा त्यांचे साहेब घाईत होते. "सदाभाऊ, महिन्याचा अहवाल आजच पाठवायचाय. तारीख टाका, मी फोटो काढतो. धुवायचं उद्या बघू."

"मग तारीखही उद्याच, साहेब," म्हणत सदाभाऊंनी रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं.

मी शाळामास्तर. न वाचताच किती वह्यांवर सही ठोकली असेल! आज टाकी धुऊन झाली होती, नवी तारीख अजून ओली होती. घरी आलो आणि सह्या झालेला वह्यांचा गठ्ठा पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतला.