पिस्तुलाला कुंकू

अख्ख्या टेक्सासमध्ये पिस्तूल विकत घेण्याआधी ते हुंगून बघणारी बाई एकच असेल, आणि ती माझी सख्खी मावशी आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. त्या दुकानात मी तिच्या शेजारी उभा होतो आणि तो धक्का अजून पुरता ओसरलेला नाही, म्हणून सांगतो. मावशी प्रत्येक वस्तू हुंगते. खरबूज हुंगते, साडी हुंगते. गाडी घेतली तेव्हा तिने डिकीत डोकं घालून दीर्घ श्वास घेतला होता आणि "ही नको, हिला ओल लागलीय" म्हणून शोरूमच्या माणसाला दुसरी आणायला लावली होती. आता पिस्तुलाला तिने नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "तेल चांगलं वापरतात हं." काउंटरपलीकडचा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मी छताकडे बघितलं.

मावशीचा जन्म टेक्सासमधल्या शुगर लँड गावातच गेला म्हणायला हरकत नाही. काका तेलकंपनीत इंजिनियर होते. ते गेल्यापासून ती त्या मोठ्या घरात एकटी असते. मागच्या अंगणात काकांनी लावलेलं कांचनाचं झाड आहे. एकुलता एक मुलगा लांब, पूर्व किनाऱ्याकडे पार्सिपनीला. त्याने तिकडे बेसमेंट नवीन करून, वेगळी बाथरूम काढून ठेवली आहे आणि "आई, just sell the house" हे वाक्य तो दर रविवारी फोनवर म्हणतो. मावशीला जायचं नाही. एकदा तिने वरण गॅसवर ठेवलं आणि ती अंगणात पाणी घालत बसली. धुराचा अलार्म वाजला, आगीचा बंब आला, आणि त्या दिवसापासून मुलाच्या मनाने घेतलं की आई आता विसरायला लागली. मावशीचं म्हणणं, वरण ती लग्न झाल्यापासून करपवते आहे. ते खरं आहे, मी खाल्लेलं आहे.

तर शेजारच्या डोनाने तिला एकदा कुठलीशी मॅच बघायला नेलं. संध्याकाळी मला फोन आला. "अरे, काय खेळ आहे! लगोरी, लंगडी आणि लपाछपी सगळं एकत्र. पळायचं, भिंतीआड थांबायचं, खिडकीतून पुठ्ठ्याच्या टार्गेटवर नेम धरायचा. वेळही मोजतात आणि नेमही मोजतात. मी नाव दिलंय." मी विचारलं, लगोरीला चेंडू असतो, इथे काय असतं? "पिस्तूल," मावशी म्हणाली, जणू मी फारच बावळट प्रश्न विचारला होता. कुकरची शिट्टी झाली तरी दचकणारा माणूस मी. चहा नाकात गेला.

आणि हायवेवर ती गाडी चालवत नाही, त्यामुळे दुकानात न्यायला मीच. त्या मुलाने मोठ्या अदबीने एक इवलंसं गुलाबी पिस्तूल पुढे ठेवलं. "फॉर लेडीज, मॅम." मावशीने ते दोन बोटांत धरलं आणि मला मराठीत म्हणाली, "हे काय, लिपस्टिक आहे?" मग त्याला इंग्रजीत समजावलं की पर्समध्ये ठेवायचं नाही, मॅच खेळायची आहे. छोटं आणि हलकं असलं की हाताला दणका जास्त बसतो, हे तिला डोनाने शिकवलं होतं. पुढचे दोन तास तिने त्याला लग्नाच्या बस्त्यासारखं कामाला लावलं. ते वरचं दाखव, ते खालचं, त्याच्या मागचं. प्रत्येक पिस्तूल रिकामं आहे ना हे आधी त्याला उघडून दाखवायला लावायचं, मग मूठ घट्ट धरायची, डोळे मिटायचे, उघडायचे, आणि मान हलवायची. "लाटणं कसं, हातात घेतल्या घेतल्या कळतं," ती मला म्हणाली. शेवटी निवडलं ते साधं, काळं, चांगलं हातभर वाटणारं, नाइन एमएमचं. बिघडलं तर दुरुस्ती जवळपास होते का, सुटे भाग कुठेही मिळतात का, हे तीनतीनदा विचारून झालं. नक्षीवाली, महागडी पिस्तुलं तिने नजरेआड केली. "शिकणाऱ्याने साधंच घ्यावं. उरलेलं गोळ्यांवर आणि सरावावर घालवावं." हे सगळं ती कुठल्या जन्मात शिकली होती कोण जाणे. मी फक्त सामान गाडीपर्यंत वाहिलं, तेही हात लांब धरून.

मग पट्ट्याचं प्रकरण. या खेळात कमरेला जाड, ताठ पट्टा लागतो. त्यावर पिस्तुलाचं कडक प्लॅस्टिकचं म्यान, ट्रिगर पुरता झाकणारं, आणि गोळ्या भरलेल्या मॅगझिनचे कप्पे. मावशीने तो सलवार-कमीजवर बांधला आणि दोन पावलं धावली. नाडीने तत्काळ राजीनामा दिला. मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर मावशी काकांची ऑफिसची राखाडी पँट घालून उभी, पायाशी दुमडून शिवलेली. "यांच्या पँटीचे लूप मजबूत असायचे," एवढंच म्हणाली. पट्ट्यावरच्या शेवटच्या कप्प्यात मॅगझीन नव्हतं, कुंकवाची पितळी डबी होती. काका दसऱ्याला पान्यापासून कॅल्क्युलेटरपर्यंत सगळ्या हत्यारांना कुंकू लावायचे आणि ती डबी वर्षभर त्यांच्या टूलबॉक्समध्ये असायची. आता ती इथे आली होती.

एका शनिवारी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडून आत गेलो, तर मावशी दिवाणखान्यात पिस्तूल रोखून उभी. खट्. मी चपलांच्या रॅकवर बसलो. "घाबरतोस काय, रिकामं आहे. गोळ्या गॅरेजमध्ये कुलपात आहेत, इकडच्या खोलीत आणायच्याच नाहीत." समोरच्या कोऱ्या भिंतीवर तिने एक मरून टिकली चिकटवली होती, तो नेम. पिस्तुलाच्या पाठीवर सुपारी ठेवलेली. ट्रिगर असा दाबायचा की सुपारी पडता कामा नये. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की हा सराव. मी त्या घरी जेवत असे तेव्हा वाढता वाढता ती मला नियम सांगायची. त्यातला एक तर तिने माझ्याकडून पाठच करून घेतला: मैदानावर पिस्तूल पिशवीतून बाहेर काढायचं ते फक्त एका ठरावीक टेबलापाशी, नाहीतर तिथला अधिकारी सांगेल तेव्हा. दुसरीकडे कुठेही हात लावला की त्या दिवसाचा खेळ बाद. रिकामं असलं तरी बाद. "आपल्या सोवळ्यासारखं आहे," मावशी म्हणाली. "शिवलं की संपलं. मग कितीही सांगा."

पार्सिपनीला कळलं ते माझ्यामुळे नाही, डोनाने टाकलेल्या फोटोमुळे. मावसभावाने मलाच फोन केला. "Dude, she forgets the stove, and you bought her a gun?" मी म्हटलं, मी नाही घेतलं, मी उभा होतो. मग मायलेकांचं दीड तास चाललं आणि त्यातून एक करार निघाला. मावशीनेच मांडला. दसऱ्याच्या शनिवारी तिची पहिली मॅच होती. त्याने यायचं आणि डोळ्यांनी बघायचं. ती मॅच तिने एकही नियम न मोडता पुरी केली, तर घराचा विषय त्याने पुन्हा काढायचा नाही. बाद झाली तर ती स्वतः बॅग भरणार. "शेवटून पहिली आले तरी चालेल," मला म्हणाली, "पण बाद नाही व्हायचं." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. 

दसऱ्याच्या सकाळी देवासमोर पाटावर मुलाचा लॅपटॉप, माझ्या गाडीची किल्ली, विळी, काकांचा पाना. मावशी आतून पिशवी घेऊन आली तसा भाऊ म्हणाला, "Not the gun, आई. Please. देवासमोर नको." मावशी पिशवी परत ठेवून आली. वाद घातला नाही, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

मैदानावर ऊन मी म्हणत होतं. टोप्या, दाढ्या, टॅटू, आणि त्यांच्यात काकांच्या पँटमधली मावशी, कांचनाची पानं वाटत. आपट्याची पानं इकडे कुठली, म्हणून दर दसऱ्याला ती अंगणातली हीच तोडते. "धिस इज गोल्ड. टेक, टेक. सोन्यासारखे राहा." सहा-साडेसहा फुटांची माणसं टोपी काढून पान घेत होती, एकाने ते टोपीत खोचलं. भाऊ पाणी आणायला गेला होता. मी बाकापाशी घडीची खुर्ची उघडायच्या खटपटीत. खुर्ची उघडली, मान वर केली, तर बाकावर पिशवी उघडी, मावशीच्या डाव्या हातात पिस्तूल आणि उजव्या हाताच्या अनामिकेवर कुंकू. पिस्तुलाच्या पाठीवर लाल ठिपका उमटलेला होता.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पिस्तूल रिकामं होतं, जमिनीकडे होतं, कुणाला काही होणार नव्हतं. पण टेबल तिकडे होतं आणि आम्ही इकडे.

"मावशी, ठेव आत," मी कुजबुजलो. "कुणी बघितलं नाही."

तिने ते सावकाश आत ठेवलं, चेन लावली, बोट पँटला पुसलं. "सकाळपासून मनात राहिलं होतं रे. हात आपसूक गेला."

"कुणी बघितलं नाही म्हणतोय ना."

"मी बघितलं," मावशी म्हणाली आणि सरळ अधिकाऱ्याकडे चालायला लागली.

तो पांढऱ्या दाढीचा माणूस, टोपीत तिचंच पान. त्याने सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ बुटांकडे बघितलं. "आय विश यू हॅडन्ट टोल्ड मी, मॅम," तो म्हणाला आणि तिला बाद केलं. एकही गोळी न झाडता. पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेला भाऊ तिथेच उभा राहिला. आता तो "See?" म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. मावशीने त्याला विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं आहे? माझंही काढ," आणि मग अधिकाऱ्याला विचारलं, टार्गेटच्या भोकांवर पट्ट्या चिकटवायला माणूस लागतं ना?

दिवसभर ती उन्हात दुसऱ्यांच्या गोळ्यांची भोकं बुजवत होती. थोड्या वेळाने भाऊ तिच्या शेजारी जाऊन पट्ट्या फाडून द्यायला लागला. इतका वेळ ती दोघं एकत्र कधी होती, मला आठवत नाही. परतताना गाडीत हायवे संपता संपता तो म्हणाला, "आई, मी देवासमोर नको म्हटलं नसतं तर you wouldn't have done it."

"हात माझा होता."

"हो, पण तू सांगितलंस. कुणीच बघितलं नव्हतं." मग म्हणाला, "Technically, तू मॅच खेळलीच नाहीस. So the deal is still open, right?"

मावशीने रुमाल काढला आणि चष्मा पुसत बसली, घर येईपर्यंत.

पुढच्या महिन्यात ती मॅच खेळली. कुंकू घरीच लावून, पाटावर, मुलगा फोनवर बघत असताना. सगळ्यांत शेवटी आली, पण पुरी केली. घर राहिलं. भाऊ आता रविवारी घराचं बोलत नाही, नेम कसा आहे ते विचारतो. मी अजूनही कानांवर आवाज अडवणारे मफ घालून, डोळे मिटून मागे उभा असतो आणि प्रत्येक धडाक्याला उडतो. डोळे उघडतो ते एकदाच, ती पिशवीकडे वळते तेव्हा. तेव्हा मी तिच्या हातांकडे बघतो. ते हात अजून स्थिर आहेत. पण एखाद्या शनिवारी ते पुन्हा आपसूक कुठेतरी जातील, आणि त्या दिवशी माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नसलं तरी मावशी स्वतःच जाऊन सांगेल, हे मला माहीत आहे. त्या दिवशी करार संपलेला असला तरी ती स्वतःच बॅग भरेल, आणि पार्सिपनीचं तिकीट मलाच काढावं लागेल. तोवर दर महिन्याला मी गाडी काढतो, आणि ती शेजारी बसली की आधी सीटबेल्ट हुंगते.