पहिलं पाणी

इस्त्रीवाली कुठल्याच डागाला कधी घाबरली नाही. शाई, गंज, रक्त, सगळ्यांवर तिच्याकडे औषध होतं. जीभही तशीच धारेची. लग्न झालं, आडनाव बदललं, पण सासरचं चर्च काही तिने धरलं नाही. ती आपल्या माहेरच्याच चर्चला जायची.

त्यावरून थोरल्या जाऊबाईंशी तिचं घरच्या लाँड्रीत रोज वाजायचं. जाऊबाईंच्या चर्चमध्ये वेदीवरची भाकर प्रभूचं शरीर होते, खरोखर होते. इस्त्रीवालीच्या चर्चमध्ये ती प्रभूची आठवण. उरलेले तुकडे उपासनेनंतर पोरंटोरं खाऊन टाकतात.

"आठवण मेलेल्याची काढतात गं," जाऊबाई टोमणा मारायच्या.

"आणि जित्याला कुणी खातं का?" ही उलट हाणायची. तोंडं अशी चालू, आणि हात मात्र एकाच चादरीची दोन टोकं धरून घडी घालत.

वेदीवर त्या भाकरीखाली अंथरायचे रुमाल जाऊबाई स्वतः धूत. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. अन् एक दिवस जिन्यावरून पडल्या. दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये, रविवार तोंडावर.

"द्या मशीनमध्ये टाकून, वहिनी," इस्त्रीवालीचा नवरा म्हणाला. "देव एकच, साबण एकच. जन्मभर भांडताय कशाला?"

जाऊबाईंनी दिराकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपराने गाठोडं धाकटीकडे सरकवलं.

"पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही. भाकरीचा एखादा कण असला तर? मातीत ओत."

"ताई, मी हे मानत नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला देतेय. तू निदान भांडतेस. ह्याच्या लेखी सगळं सारखंच, हा कुठेही ओतेल."

इस्त्रीवाली मागच्या अंगणात गेली. घमेल्यात पाणी घेतलं, एकेक रुमाल हळूच उलगडून बुडवला. कण काही दिसेना. असलाच, तर तिच्या हिशेबी गव्हाचा. जाऊबाईंच्या हिशेबी मात्र ज्याने चंद्रसूर्य टांगले तो इथे, ह्या पोचे पडलेल्या घमेल्यात, सोड्याने फाटलेल्या तिच्या बोटांमध्ये.

तिचे हात थांबले. इतकी वर्षं ती ह्या गोष्टीशी भांडली होती, पण गोष्ट केवढी आहे ते कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असूच शकत नाहीत. एक तर जाऊबाई जन्मभर साधं पाणी जपत आल्या, नाहीतर आपल्या चर्चमधली पोरं... पुढचं तिच्याने मनातही म्हणवेना.

मोरी दोन पावलांवर होती. बघणारं कुणी नव्हतं. तिने घमेल्यातलं पाणी भिंतीलगतच्या झाडाच्या मुळाशी हळूहळू सोडलं. माती पिऊन संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

आत जाऊबाई दाराकडे डोळे लावून बसलेल्या.

"ओतलंस?"

"मातीत."

"मग? पटलं?"

"नाही." इस्त्रीवालीने ओले हात पदराला पुसले. "पटलं असतं तर हात लावायची छाती झाली नसती. तुम्ही कशा हो लावता, ताई?"

जाऊबाईंनी प्लास्टरमधले आपले हात मांडीवर घेतले.

"भीत भीत," त्या म्हणाल्या.

इस्त्रीवालीने इस्त्री तापत ठेवली. रुमालाची घडी कशी घालायची ते विचारलं, आणि जाऊबाई सांगत होत्या तोवर एकदाही मध्ये बोलली नाही.