काकांचं चारित्र्य आणि पाच ग्रॅम

आपण निर्दोष आहोत हे पोलिसांनी मान्य केल्यावर त्यांच्याशी वाद घालणारा एकच माणूस सोलापुरात झाला असेल, तर ते माझे मावसकाका. पोलिसांचं म्हणणं होतं, यांच्याविरुद्ध काही सापडत नाही. काकांचं म्हणणं होतं, नीट शोधा.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले, पण घरी येताना खातं सोबत घेऊन आले. देवघराशेजारी एक पितळी तराजू असे, आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू देवाआधी त्याचं दर्शन घेई. मी पाव किलो शेंगाचटणी नेली तर डबा रिकामा करून तोलत आणि म्हणत, "दहा ग्रॅम जास्त आहे. दुकानदाराला परत देऊन ये." मावशी सांगायची की लग्नात तिनं हार पुढे केला, तेव्हा यांनी आधी तो हातावर तोलला आणि मग मान वाकवली. ती गेल्यावर काका एकटेच राहिले. गेल्या वर्षी न्हाणीत पाय घसरून पडले आणि दोन तास तसेच पडून राहिले, पण हाक मारली नाही. कारण हाकेच्या अंतरावर फक्त शेजारचे अण्णा होते, आणि अण्णांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

हे कळल्यावर कॅनडातल्या माझ्या मावसबहिणीनं त्यांना कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं. तिनं अर्ज भरला, तिकडून पत्र आलं की बाकीची कागदपत्रं साठ दिवसांत द्या. त्यातलं मुख्य म्हणजे पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. मुदत चुकली तर अर्ज बाद, आणि काका पुन्हा त्या न्हाणीत. मी वही काढली, बावीस कामं लिहिली, प्रत्येकापुढे तारीख घातली. कामं मला घाबरत नाहीत आणि मी कामांना घाबरत नाही. पण माझ्या यादीत काका हे एक काम आहे हे मी लिहायला विसरले होते.

फोटोपासून सुरुवात झाली. काकांनी खिशातून पोलादी पट्टी काढली, फोटो मोजला आणि स्टुडिओवाल्याला म्हणाले, "अर्धा मिलिमीटर कमी आहे." तो म्हणाला, "मालक, कोण बघतंय?" काका म्हणाले, "मी बघतोय की." चार फोटो झाले. चारही फोटोंत काकांची नजर कॅमेऱ्यावर नाही, स्टुडिओतल्या भिंतीवरच्या वाकड्या घड्याळावर आहे.

मग दाखल्याचा अर्ज. 'आपल्याला कधी पोलिसांनी अडवलं आहे का?' या प्रश्नापाशी काकांचा पेन थांबला. कॉलेजात असताना पार्क चौकात सायकलवर डबलसीट जाताना त्यांना हवालदारानं अडवलं होतं आणि दोन्ही चाकांतली हवा सोडली होती. "काका, तो गुन्हा नव्हे," मी म्हटलं. "मग हवा का सोडली?" त्यांनी सविस्तर जबाब लिहून अर्जाला जोडला, सायकलच्या रंगासह. मी तो दोनदा काढून घेतला, त्यांनी तीनदा जोडला.

अशा तऱ्हेनं साठातले छप्पन्न दिवस गेले, आणि चौकशीला घरी एक पोलीस आले. तरुण, घामाघूम, बिचारे अक्कलकोट रोडवरून तीन घरं करून आले होते. मी गल्लीच्या टोकाचे दोघं साक्षीदार म्हणून तयार ठेवले होते, काकांबद्दल चांगलंच बोलायचं हे दोघांनाही माहीत होतं. तिथंच घोळ झाला.

"हे दोघं माझी स्तुती करणार," काका म्हणाले. "एका पारड्यात सगळं टाकून काटा कसा बघणार तुम्ही? माझ्याविरुद्ध बोलणारा एक तरी घ्या."

"काका, लोक असली माणसं लपवून ठेवतात," पोलीस म्हणाले.

"तो पलीकडे राहतो. लपलेला नाही."

मी डोळ्यांनी कितीही खुणावलं तरी पोलीस उठले आणि अण्णांना घेऊन आले. अण्णा मूळचे बार्शीकडचे, त्यांचं किराणा दुकान होतं, आणि ते काकांचे वीस वर्षांचे जिवलग मित्र. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात काकांनी त्यांच्याच दुकानाची तपासणी केली, अर्ध्या किलोचं वजन पाच ग्रॅम कमी निघालं, आणि काकांनी मित्रावर खटला भरला. तेव्हापासून भिंत एक आणि तोंडं दोन दिशांना.

"कसा माणूस आहे?" पोलिसांनी विचारलं.

अण्णा काकांकडे न बघता म्हणाले, "प्रामाणिक हाय. तेवढाच दोष हाय."

"तक्रार?"

"हाय की. अकरा वर्सं माझ्याशी बोलला न्हाय."

"आजोबा, याला कलम नाही. सही करा."

"करतो. पण त्यानं मला म्हनावं, सही कर म्हनून."

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. दोन शब्दांचं काम होतं. काका ताठ बसून म्हणाले, "साक्षीदारावर दबाव आणणं हा गुन्हा आहे."

पोलिसांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी वहीत बघितलं, मुदतीला चार दिवस होते. मी पोलिसांना चहा दिला, मग दुसरा दिला. ते हळूच मला म्हणाले, "ताई, खुनाचा तपास परवडला."

तेवढ्यात अण्णा उठून घरी गेले. मला वाटलं, संपलं. पण ते परत आले ते हातात काळं लोखंडी वजन घेऊन. खात्यानं शिक्का खोडलेलं, खटल्यातलं तेच अर्ध्या किलोचं. ते काकांपुढे ठेवून म्हणाले, "तोल."

काकांनी तराजू काढला. काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. "पाच ग्रॅम कमीच आहे," ते म्हणाले.

"मला तवाच ठावं हुतं. बापाचं वजन हाय ते. त्याच्या हातात झिजलं. फेकून देववंना."

काका पारड्याकडे बघतच म्हणाले, "मग तेव्हाच सांगायचं ना मला."

"तू इचारलंस कुठं? तू तोललंस."

पोलिसांनी कपबशी आवाज न करता खाली ठेवली. काकांनी वजन पारड्यातून उचललं, पुसलं आणि अण्णांकडे न देता स्वतःच्या हातात धरून ठेवलं. मग म्हणाले, "अण्णा, सही कर."

अण्णांनी सही केली. दाखला तिसऱ्या दिवशी आला, चौथ्या दिवशी मी कागद पाठवले. व्हिसा आला तोवर पाच महिने गेले. ते पाच महिने दोघं कट्ट्यावर बसून भांडत असत, आणि मी आवाज ऐकला की निर्धास्त होई. निघायच्या दिवशी काकांनी बॅग तोलली, बरोबर साडेबावीस किलो. विमानात तेवीस चालतात. अण्णांनी ते वजन आणून कपड्यांत खुपसलं आणि म्हणाले, "पाच ग्रॅम वाचले की तुझे."

आता मी दर रविवारी काकांचं घर झाडायला जाते. यादीत ते एकच काम उरलंय. पलीकडच्या कट्ट्यावर अण्णा फोन हातात धरून बसलेले असतात. फोनमध्ये काका, मागे त्यांच्याकडची रात्र. पहिल्या रविवारी अण्णांनी विचारलं होतं, "फोन कशाला टेकवलाय रं?" काका म्हणाले, "तुझ्या वजनाला." त्यानंतर दोघं गप्प बसले. हल्लीही गप्पच बसतात, अकरा वर्षं भिंतीच्या दोन्हीकडे बसत तसेच. मी झाडून, पुसून, कुलूप लावून निघते तरी कुणी काही बोललेलं नसतं. फोनही कुणी ठेवलेला नसतो.