बाजाराच्या दिवशीचा अर्धा तास

विजेच्या बिलाला मी आजवर जेवढ्या शिव्या घातल्यात, तेवढ्या भावकीलासुद्धा घातल्या नसतील. आणि आमची भावकी ज्यांना माहीत आहे ते सांगतील, भावकीलाही मी काही कमी घातलेल्या नाहीत. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या तापटपणानंच झालं.

परंड्याच्या बाहेर, कुर्डुवाडीच्या रस्त्याला माझी डाळ मिल आहे. तूर येते, ती चाळायची, भरडायची, पॉलिश करायची आणि पोत्यात भरायची. विजेच्या पाच मोटारी, सहा-सात हमाल आणि मशीनवर मामा. मामा माझ्या नात्यातले कुणी नव्हेत. वयानं मोठे म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मिल उभी राहिली तेव्हापासून मशीनी त्यांच्या हाताखाली होत्या. मोटारीचा आवाज ऐकून कुठल्या बेअरिंगला ग्रीस पाहिजे ते सांगायचे. मिलची किल्ली त्यांच्याकडंच असायची आणि मी कधी त्यांच्या मागं पोती मोजली नाहीत.

एप्रिल संपता संपता तुरीची आवक मंदावली होती. मिल अर्धीच चालायची. अशात बिल आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. युनिट कमी झालेले आणि बिल मात्र वाढलेलं! पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. 'मागणी आकार' म्हणून जी ओळ असते, तिच्यापुढचा आकडा फुगलेला आणि त्याच्या खाली दंडाची एक नवीच ओळ. कमी वापरला तर जास्त भरा, हा कुठला कायदा? परंड्याच्या कचेरीत भांडलो. तिथल्या क्लार्कनं शांतपणे सांगितलं, धाराशिवला जा.

गेलो. एसटीत बसून सगळं भांडण मनात जुळवून ठेवलं होतं. तिथं टेबलामागं माझ्या पोरीच्या वयाच्या इंजिनिअर मॅडम निघाल्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग बिल हातात घेतलं. भांडणाची निम्मी हवा तिथंच गेली.

"काका, तुम्ही दोन गोष्टींचे पैसे भरता," त्या म्हणाल्या. "महिनाभरात एकूण किती वीज वापरली, ते एक. आणि एका वेळेला जास्तीत जास्त किती ओढली, ते दुसरं. मीटर दर अर्ध्या तासाचा हिशेब धरतं. महिन्यातला जो अर्धा तास सगळ्यात जड, त्याच्यावर मागणी आकार लागतो."

"म्हणजे बाकीचा सगळा महिना मी काटकसर केली, ती गेली खड्ड्यात?"

"ती युनिटमध्ये दिसते ना. पण तुम्ही ज्या दिवशी सगळं एकदम चालवाल, त्या दिवसासाठी आम्हाला तेवढी जाड तार आणि तेवढा ट्रान्सफॉर्मर कायम तयार ठेवावा लागतो. घरात रोज चारच माणसं जेवतात म्हणून लग्नाचं पातेलं लहान घेऊन चालतं का?"

"लग्न काय रोज असतं?"

"नसतं. पण पातेलं रोज घरात असतं."

पोरगी खरं बोलत होती आणि मला त्याचाच जास्त राग आला. माझी मंजूर मागणी, म्हणजे एका वेळेला ओढायची हद्द, चाळीस केव्हीए आणि मीटरनं साठाच्या वर नोंदवलेली. वरच्या भागाला दीडपट दर. त्या एका अर्ध्या तासासाठी सगळा महिना माझ्या बोकांडी बसला होता.

मी म्हणालो, "मॅडम, हे शक्यच नाही. आमच्या पाचही मोटारी एकदम कधी चालतच नाहीत." खरंच चालत नव्हत्या. मामांची शिस्तच तशी होती. एक मशीन नीट चाललं की दुसरं सुरू. पॉलिश लावलं की चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, दळायचं बंद. ही शिस्त त्यांनी तारा तापू नयेत म्हणून लावली होती. तिच्यामुळं बिल किती आटोक्यात राहत होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनाही नसावं.

मॅडमनी मीटरमधली नोंद काढून कागद माझ्यापुढं ठेवला. तारीख होती, वेळ होती. दुपारी दीड ते दोन. त्या अर्ध्या तासात सगळ्या मशीनी जोरात आणि दोननंतर एकदम काही नाही. मी तारीख बघितली. बाजाराचा दिवस. बाजाराच्या दिवशी आमची मिल बंद असते.

आता सांगा, माणसाच्या मनात काय येईल? मिल बंद, किल्ली एकाकडंच आणि आत अर्धा तास मशीनी चालल्यात. कुणाची तरी दोन-चार पोती गुपचूप भरडून दिली असणार. एसटी बार्शीला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात खटला चालून निकालसुद्धा लागला होता. परंड्याला उतरलो ते थेट मिलसमोरच्या चहावाल्याकडं. त्याला विचारलं, त्या दिवशी दुपारी मामा मिलवर आले होते का?

"आले हुते की. लई घाईत हुते. सायकल तशीच आडवी टाकून आत पळाले."

झालं. मला आणखी काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल येऊन बसले होते. मामा नेहमीप्रमाणं मशीनींना नमस्कार करून बाहेर आले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारायला पाहिजे होतं. एवढं साधं मला कळलं नाही. सगळ्यांच्या देखत कागद त्यांच्यापुढं धरला.

"मामा, बाजाराच्या दिवशी कुणाची तूर भरडली?"

"कुणाची न्हाय, मालक."

"मग हा कागद काय खोटं बोलतो? चहावाला खोटं बोलतो?"

"म्या आलतो की. दुसऱ्या दिशी म्या तुमाला सांगितलं हुतं का न्हाय..."

"काय सांगितलं होतं? चोरी करायची आणि वर मलाच तोंड करून सांगायचं! चोर आहात तुम्ही, मामा. माझ्याच ताटात जेवून मलाच लुटलंत."

मला त्यांनी काय सांगितलं होतं ते आठवतच नव्हतं, आणि आठवायला मी थांबलोही नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. मामांनी खिशातून किल्ली काढून वजनकाट्यावर ठेवली, सायकल घेतली आणि गेले. हमालांपैकी एकानंही माझ्याकडं बघितलं नाही.

आमच्या धंद्यात मशीनवाल्या माणसाच्या हाती अख्खी मिल द्यावी लागते. चोर म्हणून ज्याचं नाव झालं, त्याला कोण ठेवणार? दोन दिवसांत तालुक्यात सगळ्यांना कळलं. मामा दोन ठिकाणी कामाला विचारून आले आणि दोन्हीकडून रिकाम्या हातानं परतले, असं कानावर आलं. मी म्हणालो, बरं झालं. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणालो. चहावाल्यासमोर, मोठ्यानं म्हणालो.

पुढचे चार महिने मी मोटारींवर स्वतःच उभा राहिलो. असाच एक बाजाराचा दिवस होता. मिल बंद होती आणि मी एकटाच ऑफिसात कागद चाळत बसलो होतो. आदल्या दिवशी काम चालू असतानाच लाइट गेली होती आणि मी मेन स्विच न पाडताच घरी गेलो होतो. दुपारी कधीतरी ती आली. डोक्यावरचा पंखा फिरायला लागला आणि आतून एकदम धडाड आवाज आला. पाचही मोटारी सुरू! आत कुणी नाही, कुणी बटण दाबलं नाही, आणि आदल्या दिवशीची अडकलेली तूर पोटात घेऊन सगळ्या मशीनी गरगरत होत्या.

पळत जाऊन एकेक बंद केली. शेवटची बंद करताना हात स्टार्टरवरच राहिला. स्टार्टरच्या शेजारी ऑटोची छोटी पेटी होती. ती मीच बसवली होती.

शेतावर प्रत्येकाच्या मोटारीला ऑटो असतो. लाइट कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून ऑटो लावून ठेवायचा. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू होते, विहिरीपर्यंत हेलपाटा मारावा लागत नाही. तेच शहाणपण मी मिलमध्ये आणलं होतं. लाइट जाऊन आली की मामा पुन्हा एकेक मशीन सावकाश सुरू करायचे, त्यात वेळ जातो म्हणून मी पाचही मोटारींना ऑटो लावले. तेव्हा मामा म्हणाले होते, "मालक, ह्ये मळ्यात ठीक हाय. हितं सगळ्या एकदम उठल्या तर?" मी हसून म्हणालो होतो, "मामा, तुम्ही आता म्हातारे झालात." मग ते रोज जाताना मेन स्विच पाडून जायचे. त्या एप्रिलातसुद्धा बाजाराच्या आदल्या दिवशी काम चालू असतानाच लाइट गेली होती आणि मीच त्यांना म्हणालो होतो, मेन पाडू नका, लाइट आली की बोअर चालू होऊन टाकी भरू दे.

आणि मग मला सगळं आठवलं. त्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटात उभा राहून लातूरच्या व्यापाऱ्याशी फोनवर भावावरून हुज्जत घालत होतो. मामा समोर येऊन म्हणाले होते, "मालक, काल लाइट आली आन सगळ्या मशीनी आपल्या आपण सुरू झाल्या. मला बाजारात कळलं तसा पळत आलो, बंद केल्या. त्ये ऑटो काढा तेवढं." मी फोनवर हात ठेवून म्हणालो होतो, "बरं बरं, बघू."

स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. त्या माणसानं माझी मिल वाचवली होती. तो आला नसता तर पट्टे तुटले असते, मोटारी जळाल्या असत्या. मी पकड घेतली आणि पाचही पेट्यांच्या वायरी उपटून काढल्या. मग तसाच मोटरसायकलला लाथ मारली.

मामा अंगणात खाटेचा सुंभ आवळत होते. मला बघून उठले नाहीत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऑटो, मेन, फोन, सगळं. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं.

"चार महिने, मालक! चार महिने लागले व्हय तुमाला? कामाचं सोडा, म्या कुठंबी राबून खाईन. पंचमीला लेक आली न्हाय माझी. सासरचे म्हनले, चोराच्या घरी कशाला जातीस. समदं गाव झोका खेळत हुतं आन तिची आई चुलीपुढं बसून रडत हुती. आता मला सांगून काय करता?"

मी म्हणालो, "मामा, तिथं जाऊन सांगतो. आत्ता जाऊ."

त्यांनी पायात चप्पल सरकवली आणि गाडीवर मागं बसले. लेकीचं सासर येडशीच्या अलीकडं. बार्शी आली, बार्शी मागं पडली.

व्याही ओसरीवर होते. मला ओळखत नव्हते. मी म्हणालो, मी डाळ मिलचा मालक, यांना चोर म्हणणारा तो मीच. मशीनी ऑटोमुळं आपोआप चालू झाल्या, ते ऑटो मी लावले, चोरी झालीच नव्हती. हे सांगायला आलोय. व्याही ऐकत होते. मध्येच मामांकडं बघून म्हणाले, "बसा की पाव्हनं, उभं का?" एवढं झालं तरी मामा बसले नाहीत.

मला वाटलं, सुटलो. मी पुन्हा बोलायला लागलो, की ही वीज बिलाची भानगडच अशी आहे, अर्ध्या तासाचा हिशेब, कागदावर तारीख आणि वेळ, कुणाचीही फसगत झाली असती.

आतल्या दारात मामांची लेक उभी होती. पदर सावरून तिनं विचारलं, "माझ्या बापानं तुमाला दुसऱ्याच दिशी सांगितलं हुतं ना, मशीनी सुरू झाल्या म्हनून?"

"सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मग?"

तिचा सासरा माझ्याकडं बघत होता. मामा बघत नव्हते. ती दारातून हलली नाही, उत्तराची वाट बघत उभी राहिली. तापट माणसाला बोलायला कधी शब्द कमी पडत नाहीत. मी मान खाली घातली.