दुखणं थांबलं त्या सकाळी

देवाची कृपा झाली, असं मी आयुष्यात एकदा फार मोठ्या विश्वासानं म्हणालो, आणि त्याच दिवशी माझी नऊ वर्षांची मुलगी मरणाच्या दारात पडलेली होती. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. घरात विषय निघाला की मी उठून गुरांकडं जातो. पण मनात ठेवून ते जड होत चाललंय, म्हणून लिहितो.

पहिल्या लॉकडाऊनचा उन्हाळा होता. आमचं गाव लिंबागणेशच्या बाजूचं. गावानं केलेल्या समितीत मी सगळ्यांच्या पुढं. बाहेरगावची माणसं परतू लागली तशी आम्ही वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या, आणि तेवढ्यानं समाधान होईना म्हणून सडकेवरून गावाकडं वळणाऱ्या रस्त्यात जेसीबीनं चर खणला. मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून रोज सकाळी मीच सांगायचो, घराबाहेर पडू नका, सहा फुटांचं अंतर ठेवा. शेवटी माझ्या मनाचं एक वाक्य जोडायचो: बारीकसारीक दुखण्यासाठी दवाखान्यात जाऊ नका, रोग तिथंच आहे. ते मला कुणी सांगायला लावलेलं नव्हतं. ती माझी भीती होती, आणि मी ती गावाला वाटत होतो.

मग गावातही भीती वाटू लागली तेव्हा बायकोला आणि मुलीला, प्रांजलला, घेऊन मी शेतातल्या आखाड्यावर राहायला गेलो. पत्र्याची खोली, लिंबाचं झाड, विहीर. त्याच सुमाराला एक म्हातारी धनगरीण, तिचा मुलगा आणि सून मेंढरं घेऊन काट्यांपाशी आली होती. जनावरांच्या हौदावर पाणी पाजू द्या म्हणाली. मी लांबूनच काठी उगारली आणि कुठल्या कुठल्या गावचा रोग आणता म्हणून त्यांना परतवून लावलं. म्हातारी मेंढरं वळवून खालच्या ओढ्याकडं गेली.

दोन दिवसांनी दुपारी प्रांजलच्या पोटात दुखू लागलं. बेंबीपाशी दुखतंय म्हणाली, मग उलटी झाली. कैऱ्या खाल्ल्या होत्या, त्याचंच असेल म्हणून ओवा दिला, बेंबीवर हिंग लावला. दुसऱ्या दिवशी दुखणं उजव्या बाजूला सरकलं आणि अंग तापलं. बायको म्हणाली, बीडला नेऊ. मी नाही म्हणालो. ताप म्हटला की नाकात नळी घालतील, पोरीला एकटीला कुठंतरी ठेवतील, आपल्याला शाळेत कोंडतील, आणि समितीवाल्याच्याच घरात रोग निघाला म्हणून गाव बोट दाखवील. हे शेवटचं मी तिला बोलून दाखवलं नाही, पण मनात तेच सर्वांत वर होतं. घरातल्या तापाच्या गोळ्या देत राहिलो. पोर गुडघे पोटाशी घेऊन रडायची आणि मी अंगणात येरझाऱ्या घालायचो. देवळं बंद होती. तिसऱ्या दिवशी उजाडताना लिंबागणेशच्या गणपतीच्या दिशेला तोंड करून हात जोडले आणि म्हणालो, गणराया, हिचं दुखणं थांबव, दुसरं काही मागत नाही.

आणि घटकाभरात ते थांबलं. एकाएकी थांबलं. प्रांजल म्हणाली, "पप्पा, आता न्हाई दुखत." मी तिथल्या तिथं नारळ फोडला. बायकोला म्हणालो, बघ, तू उगाच घाबरवत होतीस. तिनं खोबऱ्याचा तुकडा घेतला, पण तोंडात टाकला नाही.

दहा-अकराच्या सुमाराला ती म्हातारी आली. पदर नाकावर ओढून विहिरीपासून लांब उभी राहिली आणि माणसांपुरतं एक घागर पाणी मागितलं. बायको पाणी शेंदत असताना म्हातारीची नजर लिंबाखालच्या बाजेवर पडलेल्या प्रांजलकडं गेली. लेकराला काय झालंय म्हणून तिनं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की दोन दिवस पोट दुखत होतं, आज देवानं थांबवलं. ती काही न विचारता सरळ बाजेपाशी गेली. मी लांब हो म्हणणार होतो, तोवर तिनं पोरीच्या पोटावर हात ठेवलेला होता.

"पोट फळीगत झालंय हिचं," ती म्हणाली. "लेकरू रडतंय तवर भ्यायचं न्हाई, पाटील. गप झालं की भ्यावं. कोकरू असं पाय पोटाशी घिऊन गप पडलं, तर आमी वाट बघत न्हाई."

मी तेव्हा पहिल्यांदा पोरीकडं नीट पाहिलं. चेहरा मातकट झालेला, ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले.  रुग्णवाहिकेला फोन लावला. ती लवकर आली, पण सडकेवरच थांबली. ड्रायव्हर फोनवर विचारत होता, रस्ता कुणी खणलाय. मी म्हणालो, तिथंच थांबा, आम्ही उचलून आणतो.

म्हातारीनं ओढ्याकडं हाक मारून मुलाला आणि सुनेला बोलावलं. त्यांनी घोंगडी अंथरली, प्रांजलला तिच्यावर ठेवलं, आणि चार कोपरे चौघांनी धरले: ती तिघं आणि मी. बायको पोरीच्या तोंडावर पदराची सावली धरून चालत होती. चालता चालता म्हातारीचा मुलगा माझ्याकडं न बघता म्हणाला, "पाटील, आता आंतर किती ठिवायचं?"

"गप रं," म्हातारी म्हणाली. "पाय बघून टाक."

चरात उतरताना माती निसटत होती. मी खाली उभा राहिलो आणि घोंगडी डोक्याच्या वर धरली. पोरीचं सगळं वजन हातात आलं, आणि ते फार कमी होतं. मी गणपतीचं नाव घ्यायला गेलो तर तोंडातून शब्द फुटेना. नुसतं धरून राहिलो. पलीकडं चढलेल्या त्या तिघांनी ती वर ओढून घेतली.

बीडच्या दवाखान्यात एकालाच आत सोडत होते. बायको गेली. निळ्या प्लास्टिकच्या कपड्यातली, डोळ्यांपुरती दिसणारी माणसं बघून प्रांजल किंचाळली, तेवढं मला बाहेर ऐकू आलं. पुढं संध्याकाळपर्यंत काहीच ऐकू आलं नाही. भीती म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. रोगाची भीती तिच्यापुढं खेळ वाटली. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर बाहेर आले. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. फुटलं की थोडा वेळ दुखणं कमी होतं, लोक फसतात, असं ते म्हणाले. दुखणं कधीपासून होतं, हे विचारलं. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाले, "लेकरांचा वॉर्ड रिकामा पडलाय. लेकरं आजारी पडायची थांबली नाहीत हो. आणायची थांबलीत." मला भोंग्यावरचा माझाच आवाज आठवला. माझं ऐकून कुणी आपलं लेकरू घरात ठेवलं असेल का, हे मला आजही माहीत नाही.

चौथ्या दिवसापर्यंत धोका टळला म्हणायला कुणी तयार नव्हतं. पोटातला वारा सरला की आतडी चालू झाली समजायचं, तोवर पाणीसुद्धा नाही. बायकोचा फोन आला, ती हुंदके देत होती.  मग कळलं की ती हसतही होती. "पादली हो," म्हणाली, "आन् लाजून तोंडावर चादर घिऊन पडलीय." मी दवाखान्याच्या भिंतीला टेकून खाली बसलो आणि मोठ्यानं रडलो. आजूबाजूची माणसं कुणी गेलं वाटतं म्हणून सरकून बसली.

गावी परतल्यावर ओढ्याकाठी गेलो तेव्हा त्या धनगरांचा तळ हललेला होता. दोन वर्षांनी नेकनूरच्या बाजूला सडकेवर कळप दिसला म्हणून गाडी थांबवली. तीच म्हातारी. मी पाया पडलो, सगळं सांगितलं.  तिला आठवेना. शेवटी एवढंच म्हणाली, "आसंल बाबा. लेकरू बरं हाय ना?" हो म्हणालो. "मग झालं," म्हणाली आणि मेंढरांमागं निघाली.

देवानं माझं मागणं ऐकलं की नाही, याचा निवाडा मी आता करत नाही. त्याच्यावर सोडणं म्हणजे दार लावून बसणं, असं मी समजत होतो. खरं सोडणं मला फक्त त्या चरात घडलं, जेव्हा माझ्या हातातून लेकरू दुसऱ्यांनी वर घेतलं आणि मी घेऊ दिलं. रोज दिवा लावताना त्या हातांना नमस्कार करतो. त्यांची नावंसुद्धा मी विचारलेली नाहीत.