कपाशीच्या पानातली सळ

मागच्या शनिवारी अकोल्याच्या जुन्या कापड बाजारात माझी चांगलीच शिकवणी झाली. तीही रफूच्या दुकानात, बाकड्यावर बसून... वय वर्षे बेचाळीस असताना.

झालं असं, की बाबांचा लोकरीचा कोट फाटकाच्या खिळ्याला अडकून खांद्यापाशी टरकला. नवा घेऊ म्हटलं तर बाबा ऐकेनात. म्हणून अमरावतीहून माहेरी आल्या आल्या मी तो घेऊन थेट शब्बीरचाचांकडे गेले. बाबा शाळेत मास्तर होते तेव्हापासून आमच्या घरचं रफू तेच करतात.

"बस बेटा, घंट्याभरात देतो," म्हणाले. मी बसले आणि लॅपटॉप उघडला. उघडावाच लागला...

मी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि उरल्या वेळात पीएचडी करते. कपाशीच्या पानाचा अतिशय पातळ काप घेऊन त्याचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फोटो काढतात. त्यात एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, हे कॉम्प्युटरने आपणहून रंगवून दाखवायचं. फोटो दुसऱ्या एका लॅबमधून येतात, कॉम्प्युटरला शिकवायचं काम माझं.

आणि हा पठ्ठ्या महिनाभर एकेका पेशीचे दोन तुकडे करत होता! लॅबवाले म्हणायचे, इथे एकच पेशी आहे. हा म्हणायचा, दोन. बरं, मलाही मधोमध काळी रेघ दिसत होतीच... मग चुकतंय कोण?

सोमवारी गाईडना निकाल दाखवायचे होते. मुदतवाढ शेवटची. या वेळी जमलं नाही तर हा विषय सोडा, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. चार वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती, खोटं कशाला बोलू.

चाचांनी सुई थांबवून स्क्रीनकडे पाहिलं. "हे कोनतं कापड होय?"

मला हसू आलं. कापड नाही चाचा, पान आहे, म्हटलं. या काळ्या रेघा म्हणजे पेशींच्या भिंती, आणि ही मधली रेघ मला छळतेय.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळे अगदी स्क्रीनला भिडवले. सुईच्या टोकाने त्या रेघेचा माग काढला. मग म्हणाले, "हे भिंत नाही होय. सळ होय हे."

"सळ?"

"पाह्य ना. शिवन दुसऱ्या शिवनीले भेटली का थांबते. सळ कोनाचं आयकते? ह्या काठापासून त्या काठापर्यंत सरळ जाते. अन् दोन्हीकडची डिझाइन जुळत नाही... मधातलं कापड घडीत गेलं."

मी पाहिलं. ती रेघ खरंच कुठल्याच भिंतीपाशी थांबत नव्हती. पेशीतून, भिंतीतून, मोकळ्या जागेतून, फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली... महिनाभर माझ्या नाकासमोर होती.

तिथूनच लॅबमध्ये काप घेणाऱ्या मुलीला फोन लावला. "हो मॅडम, फोल्ड आहेत ते," ती सहज म्हणाली. "काप इतका पातळ असतो की ठेवताना कधीकधी दुमडतो. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला काय माहीत असणार! बायोलॉजी बारावीला सोडली ती सोडली. दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटरला शिकवण्यासाठी नमुन्याचे फोटो हाताने रंगवायला बसले, तेव्हा जाड काळी रेघ दिसली की भिंत, असं मीच माउसने आखत गेले होते. कॉम्प्युटरने शिकवलं तेवढंच इमानदारीने केलं... आणि महिनाभर शिव्याही खाल्ल्या. फार लाज वाटली.

रविवार सगळा मी आखलेल्या त्या रेघा खोडण्यात गेला. कॉम्प्युटरला पुन्हा शिकवलं. सोमवारी सगळं अगदी बिनचूक आलं असं नाही, पण पेशींचे तुकडे होणं जवळजवळ थांबलं. गाईड म्हणाले, करा पुढे. गाडीत बसल्यावर मी थोडी रडले.

हो, कोटाचं सांगायचं राहिलंच...

चाचांनी कोट हातात दिला तेव्हा मी तो उजेडाला धरला. उलटा करून पाहिला, खांद्यावरून बोटं फिरवली. टरकलेलं नेमकं कुठे होतं, काही केल्या सापडेना. शेवटी त्यांनाच विचारलं.

सुई रिळात खोचत म्हणाले, "तुह्या कॉम्प्युटरले इचार."

चाचा, मनापासून शुक्रिया. कॉम्प्युटरला अजून विचारलेलं नाही... विचारून उपयोग काय? त्याला शिकवणारी मीच, आणि मलाच ते दिसत नाही.